छोट्या प्रवाळ मत्स्यालयासाठी योग्य प्रकाशयोजना

गोड्या पाण्यातील मत्स्यालयावरचा दिवा हा प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. मासे स्पष्ट दिसावेत, त्यांचे रंग खुलावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. समुद्री प्रवाळांच्या मत्स्यालयात मात्र दिवा हे अन्न असते. पाण्यातील क्षार, तापमान, प्रवाह यांचे गणित कितीही काटेकोर सांभाळले, तरी वरचा प्रकाश चुकला की प्रवाळ जगत नाही. आणि ते एका रात्रीत मरतही नाही. दोन-तीन महिने ते हळूहळू झिजत जाते, रंग गमावते, आक्रसते. आपले नेमके काय चुकले हे मालकाच्या लक्षात येईपर्यंत दिव्याची पावतीही हरवलेली असते.

आपल्याकडे ही हौस अजून मोजक्या घरांपुरती आहे. तरीही मुंबई-पुण्यातील सदनिकांमध्ये दोन फुटी समुद्री टाकी आता नवलाईची राहिलेली नाही. ‘कोणता दिवा घेऊ?’ हा अशा टाकीच्या मालकाचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक तो दुसरा असायला हवा. त्याआधी ‘टाकीत कोणती प्रवाळे ठेवणार?’ हे ठरले पाहिजे. प्रस्तुत लेखात आपण ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण ६८ लिटरची टाकी डोळ्यांसमोर ठेवू.

प्रकाश नेमका कोणाला हवा?

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल वस्तीला असते. एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात अशा दहा लाखांच्या आसपास पेशी असू शकतात. जपानी संशोधक सिरो कावागुती यांनी पलाऊ बेटांवरील अभ्यासातून १९४४ मध्ये या पेशी डायनोफ्लॅजेलेट गटातील असल्याचे दाखवले. पुढे १९६२ मध्ये ह्यूगो फ्रॉइडेंथल यांनी त्यांना सिम्बायोडिनियम हे नाव दिले. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणातून साखर आणि स्निग्ध पदार्थ तयार करते व त्यातील मोठा हिस्सा, काही वेळा ९० टक्क्यांपर्यंत, यजमान प्रवाळाला देते. मोबदल्यात त्याला निवारा, कर्बवायू आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातील नत्र मिळते. आपण दिवा विकत घेतो तो खरे तर या शैवालासाठी.

या शैवालात हरितद्रव्याचे ‘ए’ आणि ‘सी-२’ हे प्रकार तसेच पेरिडिनिन हे तांबूस रंगद्रव्य असते. ही रंगद्रव्ये साधारण ४०० ते ५२० नॅनोमीटर या जांभळ्या-निळ्या-हिरवट पट्ट्यातील प्रकाश सर्वाधिक शोषतात. ६७० नॅनोमीटरच्या आसपास तांबड्या पट्ट्यातही एक लहानसे शिखर असते. निळ्याकडे हा कल असण्याचे कारण समुद्रातच आहे. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा मात्र खोलवर जातो. लक्षावधी वर्षे निळ्या उजेडात वाढलेल्या या जोडीला घरातही निळ्याचाच आधार लागतो. त्यात तांबड्याचा अतिरेक केला, तर लाभ होण्याऐवजी हानी होण्याचाच संभव. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टायलोफोरा या कठीण प्रवाळाच्या बाबतीत तांबड्या प्रकाशाचा दुष्परिणाम नोंदवला आहे. म्हणूनच गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठी विकले जाणारे गुलाबी छटेचे दिवे स्वस्त मिळाले तरी प्रवाळांवर लावू नयेत.

आधी प्रवाळ, मग दिवा

येथे कायद्याचा विषय टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळखडक उभारणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच मालवणच्या किंवा विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवरच्या प्रवाळाला आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास व २५ हजार रुपयांपासून पुढे दंड, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीनंतर आहे. परदेशातून आलेली कठीण प्रवाळेही सायटिस करारातील यादीत मोडतात. अशा प्रजातींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम २०२४ मध्ये लागू झाले. कागदपत्रांशिवाय ‘आयात केलेला माल आहे’ या तोंडी हवाल्यावर कठीण प्रवाळ विकत घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. किनाऱ्यावरून किंवा खडकावरून ‘एखादाच तुकडा’ काढून आणण्याचा तर विचारही नको.

याचा प्रकाशाशी संबंध काय? फार जवळचा आहे. हौशी लोकांच्या वाट्याला सरळमार्गाने येतात ती मुख्यतः मऊ प्रवाळे आणि त्यांचे नातलग: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया वगैरे. हे गट वरील कठीण प्रवाळांच्या यादीत येत नाहीत, टाकीतच त्यांची पैदास होते आणि एका मत्स्यालयातून दुसऱ्यात फुटवे देणे सहज जमते. तरीही ती टाकीत वाढवलेली आहेत ना, याची खातरजमा आणि पावती हवीच. मुख्य म्हणजे या मंडळींना प्रखर प्रकाश लागत नाही. परदेशी मासिकांत आणि चित्रफितींत दिसणारे झगझगीत, महागडे दिवे बहुतांशी अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांसाठी असतात. त्यांची नक्कल करून दोन फुटी टाकीवर तोच दिवा टांगणारा माणूस गरजेच्या तिप्पट पैसे मोजतो आणि वर मशरूम भाजून काढतो.

वॉट, लक्स आणि पार

पूर्वी ‘एका गॅलनला तीन ते पाच वॉट’ असा ठोकताळा असे. तो फक्त ट्यूबलाइटच्या काळापुरता आणि तोही अंदाजे बरा होता. वॉट हा विजेचा खप आहे, प्रकाशाचे माप नव्हे. आपल्या ६८ लिटरच्या टाकीत साधारण १८ अमेरिकन गॅलन पाणी मावते. या हिशेबाने ९० वॉट निघतात. ट्यूबलाइटचे ९० वॉट येथे चालून गेले असते. आधुनिक एलईडीचे ९० वॉट पूर्ण क्षमतेने लावले, तर मऊ प्रवाळे आठवड्याभरात फिकट पडू लागतील.

केल्विनमधील रंगतापमानही असेच फसवे. दुपारचे ऊन साडेपाच ते साडेसहा हजार केल्विनचे, तर प्रवाळांचे दिवे १० ते २० हजार केल्विनचे. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळा, इतपत अर्थ घ्यावा. एकाच आकड्याच्या दोन दिव्यांचे वर्णपट सर्वस्वी भिन्न असू शकतात.

लक्समापक स्वस्त असतो, मोबाइलमध्येही मिळतो. पण तो मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेला आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी हिरव्याला सर्वाधिक प्रतिसाद देतो. त्या तुलनेत ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला लक्सच्या मापात जेमतेम ४ टक्के वजन मिळते. म्हणजे प्रवाळाला जे सर्वांत उपयुक्त, तेच हे उपकरण जवळपास मोजत नाही. निळ्या दिव्याखाली लक्समापक अंधार दाखवील आणि आपण बिचाऱ्या प्रवाळावर प्रकाश वाढवीत राहू.

खरे माप म्हणजे ‘पार’: ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली ही संख्या २,००० च्या आसपास जाते. प्रवाळाला त्याच्या अल्पांशात भागते. हौशी संवर्धकांच्या अनुभवातून आलेले आकडे असे: मशरूमला ३० ते ८०, झोअँथिड आणि लेदरला ८० ते १५०, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांना साधारण तेवढेच, तर लहान पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५०. हे आकडे प्रवाळ जेथे बसले आहे तेथले, पाण्याच्या पृष्ठभागावरचे नव्हेत. आपल्या टाकीत वाळूपर्यंत पोहोचताना ‘पार’ बहुधा वरच्या थराच्या निम्म्याखाली येतो. म्हणूनच लेदर खडकाच्या माथ्यावर आणि मशरूम पायथ्याशी, ही मांडणी रूढ झाली.

पारमापक महाग आहे, हे खरे. एका टाकीसाठी तो विकत घेण्यात अर्थ नाही. दोन-चार हौशींनी मिळून घ्यावा किंवा एका दिवसापुरता मागून आणावा. टाकीतील दहा-बारा जागी मोजणी करून आकडे कागदावर उतरवले की वर्षभराचे काम होते. जुन्या पद्धतीचे काही संवेदक एलईडीचा निळा प्रकाश कमी मोजतात आणि पाण्याखालच्या वाचनाला दुरुस्ती गुणक लावावा लागतो. या दोन गोष्टी उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्याव्यात. या मापनशास्त्रात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांचे काम मोलाचे मानले जाते. स्वतः प्रवाळांचे हौशी असलेल्या जोशी यांनी बाजारातील अनेक दिवे प्रयोगशाळेच्या शिस्तीने मोजून त्यांचे आकडे सर्वांसाठी खुले केले आणि जाहिरातींतील विशेषणांची जागा मोजमापाने घेतली.

दिव्यांचे प्रकार

प्रवाळांच्या घरगुती संवर्धनाची सुरुवात सूर्यप्रकाशातच झाली. जकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये वर्णन केलेल्या त्यांच्या ‘नैसर्गिक पद्धती’त जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन यांवरच भिस्त होती. आपल्याकडे खिडकीतले ऊन मोहात पाडते खरे, पण एप्रिलमध्ये ते पाणी तापवते, जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे गायब होते आणि कोन बदलला की काचेवर शेवाळाचे हिरवे पडदे चढतात. टाकी खिडकीपासून दूर ठेवणेच श्रेयस्कर.

त्यानंतर मेटल हॅलाइड दिव्यांचे युग आले. ७० वॉटपासून ४०० वॉटपर्यंतचे हे दिवे पाण्यावर सूर्यासारखी लहरती चमक आणतात आणि प्रवाळेही त्याखाली उत्तम वाढतात. परंतु दोन फुटी टाकीवर १५० वॉटचा दिवा म्हणजे शेगडीच. १० तासांना दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट वीज आणि त्यावर पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खप वेगळा. शिवाय दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या प्रकारात अतिनील किरण अडवणारी काच अत्यावश्यक. नव्याने घेणाऱ्याने हा पर्याय सोडून द्यावा.

टी-५ ट्यूबलाइटबद्दल मात्र आदराने लिहावे लागेल. १६ मिलिमीटर व्यासाची, २४ वॉटची नळी ५५ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे दोन फुटी टाकीवर ती नेमकी बसते. दोन निळ्या, दोन पांढऱ्या अशा चार नळ्या आणि प्रत्येकीमागे स्वतंत्र परावर्तक असले की संपूर्ण टाकीत सारखा, सावल्यांविना प्रकाश मिळतो. अशी समता एलईडीला आजही सहज साधत नाही. खप ९६ वॉट, महिन्याला २९ युनिटांच्या घरात. अडचण अशी की या नळ्या डोळ्यांना उजळ दिसत असल्या तरी त्यांचा उपयुक्त प्रकाश घटत जातो आणि वर्षभराच्या आत त्या बदलाव्या लागतात. त्यात पारा असल्याने जगभरच त्यांचा शेवट जवळ येत चालला आहे. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-५ नळ्या बाजारात आणणे थांबवले. आज चालू स्थितीतला टी-५ संच स्वस्तात मिळत असेल, तर पुढच्या दोन वर्षांच्या नळ्या कोठून आणणार, हे विचारूनच तो घ्यावा.

उरतो एलईडी. नव्वदच्या दशकात निळा एलईडी साकारला नसता, तर हा लेख येथेच संपला असता. त्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळांना हवा असलेला ४५० नॅनोमीटरचा प्रकाश हा या डायोडचा स्वभावच आहे. दिवा घेताना ४५० व ४७० नॅनोमीटरचे निळे, ४०० ते ४२० नॅनोमीटरचे जांभळे आणि थंड पांढरे डायोड आहेत ना, हे पाहावे. तांबडे-हिरवे असले तरी नाममात्र असावेत. निळा आणि पांढरा स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणे ही चैन नव्हे, गरज आहे. आपल्या टाकीला प्रत्यक्ष ४० ते ६० वॉट खपाचा दिवा पुरून उरतो. दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला १५ युनिट.

‘प्रत्यक्ष’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तीन वॉट क्षमतेचे ५५ डायोड बसवले की खोक्यावर ‘१६५ वॉट’ छापण्याची प्रथा आहे. हे डायोड पूर्ण क्षमतेने चालवलेले नसतात, त्यामुळे भिंतीतल्या प्लगमधून ओढली जाणारी वीज पुष्कळच कमी भरते. प्लगमध्ये बसणारा साधा वॉटमापक हा खोटेपणा मिनिटभरात उघड करतो. किमती काही हजार रुपयांपासून लाखाच्या आसपास जातात. मधल्या किमतीचा, मंद करण्याची सोय असलेला आणि सुटे भाग येथेच मिळणारा दिवा मऊ प्रवाळांसाठी पुरेसा आहे.

खरेदीतला आणखी एक सापळा दुकानातच असतो. अनेक प्रवाळांत प्रकाशदीप्त प्रथिने असतात. निळा प्रकाश शोषून ती हिरवा, केशरी, तांबडा उत्सर्जित करतात. केवळ निळ्या दिव्याखाली सामान्य तपकिरी प्रवाळही इंद्रधनुष्यासारखे उजळते. त्यामुळे प्रवाळ घेताना पांढरा दिवा लावायला सांगावे. उतींचा खरा रंग, फिकट पडलेले डाग, झडलेल्या कडा तेव्हाच दिसतात.

टांगणी, तास आणि सवय

दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर टांगावा. भिंग अरुंद असेल तर मध्यभागी तीव्र झोत आणि कोपऱ्यांत काळोख होतो. छोट्या टाकीला रुंद कोनाचे भिंग बरे. टाकीवर काचेचे झाकण असल्यास त्यावर मिठाचे पुट चढते आणि कित्येकदा ‘दिवा मंदावला’ ही तक्रार ओल्या फडक्याने सुटते.

प्रकाशाचा काळ दिवसाला ८ ते १० तास आणि तो टायमरवर. घरी पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत दिवे ठेवणे प्रवाळाच्या हिताचे नाही. तीव्रता आणि तास यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो: १०० ‘पार’ १० तास दिला तर दिवसाचे ३.६ मोल होतात, १५० ‘पार’ ७ तास दिला तर जवळपास ३.८. तथापि या गणिताला मर्यादा आहे. ठरावीक तीव्रतेनंतर शैवालाची यंत्रणा तृप्त होते. त्यापुढचा प्रकाश अन्न न बनता घातक ऑक्सिजन संयुगे निर्माण करतो आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढू लागते. यालाच विरंजन म्हणतात.

नवा दिवा कधीही पूर्ण क्षमतेने लावू नये. ३० ते ४० टक्क्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत इच्छित पातळी गाठावी. शैवालाची संख्या आणि रंगद्रव्ये बदलायला एवढा अवधी लागतो. नवे प्रवाळही आधी तळाशी ठेवावे आणि दोन आठवड्यांनी वर न्यावे. त्यानंतर बोलते ते प्रवाळच. झोअँथिडचे देठ लांबून वर झेपावू लागले, मशरूम पसरट होऊन काठ वर उचलू लागले किंवा रंग गडद तपकिरी झाला, तर प्रकाश अपुरा आहे. रंग पांढुरका पडला, पॉलिप भर दुपारी मिटून राहिले किंवा मशरूम आक्रसून सावलीकडे सरकले, तर तो अधिक होतो आहे. लेदर प्रवाळ मात्र अधूनमधून काही दिवस मिटून कात टाकते. त्यावेळी दिव्याला हात लावू नये. बदल एका वेळी एकच आणि पुढचा बदल किमान आठवड्याने.

उष्णता आणि वीज

समुद्रात विरंजनाच्या मोठ्या लाटा येतात त्या पाणी तापल्यामुळे. प्रखर ऊन त्यात भर घालते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२३-२४ मध्ये जगभर हेच घडले. सदनिकेतल्या ६८ लिटर पाण्यात ते घडायला मे महिन्यातील एक दुपार पुरते. २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान सुरक्षित. ३० अंशांच्या वर पाणी दिवसेंदिवस राहिले, तर एरवी सोसणारा प्रकाशही प्रवाळाला जाळतो. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश खाली आणतो. पुणे-नागपूरच्या कोरड्या हवेत तो अधिक प्रभावी, मुंबईच्या दमट हवेत कमी. उन्हाळ्यात दिव्याची वेळ संध्याकाळी चार ते रात्री बारा अशी ठेवली आणि प्रकाश १०-२० टक्क्यांनी उतरवला, तर चिलरचा खर्च अनेकदा टळतो. वेळ कोणतीही निवडा, ती रोज तीच असावी.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवा घेण्याची घाई करू नये. एक-दोन दिवसांचा अंधार प्रवाळ सहज सोसते. पावसाळी समुद्रात गढूळ पाण्याखाली मालवणची प्रवाळे असे कितीतरी दिवस काढतात. प्राणवायू मात्र काही तासांतच संपतो, म्हणून इन्व्हर्टरवर पाणी खेळवणारा पंप हवा.

खारे पाणी आणि वीज हे शेजार धोक्याचे आहे. दिव्याची वायर प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली पडतो. टाकीच्या सर्व उपकरणांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग असावे. एलईडीच्या पंख्यात आणि पितळी जोडांत मीठ साचते. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून ते कोरड्या ब्रशने झाडावे आणि दिवा पुन्हा टांगताना वरची साखळी गंजलेली नाही, हे पाहून घ्यावे.